खाणीचा गाळ कुठे जातो? अलास्कातील एका तळ्याची हकिकत



मागच्या अंकात मी आमच्या भागात होणार असलेल्या जनसुनावणीचा उल्लेख केला होता. लोहखनिज धुण्याच्या एका प्रस्तावित कारखान्याची ती सुनावणी. त्याआधी गावातल्या समाजमंदिरात आम्ही अहवालाची पाने उलगडून बसलो होतो. मूळ अहवाल इंग्रजीत, सहाशेच्या वर पानांचा. मराठी सारांश मोजून अठरा पानांचा. मी वाचत होतो आणि पोरे ऐकत होती. मध्येच भिंतीला टेकून बसलेल्या एका आजीने विचारले, "भाऊ, हे टेलिंग टेलिंग म्हनते, ते का असते जी?"

मी म्हणालो, "खनिज धुतल्यावर उरलेला गाळ, आजी."

"मंग तो कुठी ठेवतेत?"

सारांशात 'शास्त्रोक्त पद्धतीने विल्हेवाट' एवढेच लिहिले होते. मला उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर मी जगात ठिकठिकाणच्या खाणींचा गाळ कुठे जातो हे वाचू लागलो, आणि वाचता वाचता अलास्कातल्या एका सोन्याच्या खाणीपाशी येऊन थांबलो. तिथला खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि तो नेमका आजीच्या प्रश्नावरच होता. तुमच्यापैकी अनेकजण वर्षानुवर्षे या कामाला हातभार लावता, म्हणून ती हकिकत सविस्तर सांगतो.

अलास्का राज्याची राजधानी जुनो. समुद्र आणि बर्फाळ डोंगर यांच्या चिंचोळ्या पट्टीत वसलेले, तीस-बत्तीस हजार वस्तीचे शहर. बाहेरून तिथे जायला रस्ताच नाही. विमानाने जा, नाहीतर बोटीने. हे शहर सोन्यामुळेच वसले. १८८० साली जो जुनो आणि रिचर्ड हॅरिस या दोघांना सोन्याच्या ओढ्यापर्यंत नेले ते ऑक त्लिंगिट लोकांचा प्रमुख कोवी याने. वाट दाखवली कोवीने आणि शहराला नाव मिळाले जुनोचे. यावर वेगळे भाष्य करायला नको.

त्यानंतर तिथे मोठमोठ्या खाणी चालल्या. समोरच्या डग्लस बेटावरच्या ट्रेडवेल खाणीत १९१७ साली समुद्राचे पाणी शिरले आणि तिचा बहुतेक भाग बुडाला. शहरालगतची अलास्का-जुनो खाण १९४४ पर्यंत चालली. जुनोच्या किनाऱ्याचा बराच भाग आज या खाणीतून निघालेल्या दगडाच्या भरावावर उभा आहे, आणि डग्लसवर लोक ज्या वाळूच्या किनाऱ्यावर फिरायला जातात ती वाळू म्हणजे ट्रेडवेलचा गाळ आहे. खाणीचा कचरा पाण्यात लोटायचा ही त्या शहराची जुनी सवय. त्या काळी विचारणारे कोणी नव्हते.

आपल्या गोष्टीतली खाण केन्सिंग्टन नावाची. ती जुनोच्या वायव्येला सुमारे ७० किलोमीटरवर आहे, पण शहराच्या विस्तीर्ण हद्दीतच मोडते. तिथले सोने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच सापडले होते. खाण बर्नर्स बे नावाच्या खाडीच्या वरच्या डोंगरात आहे. या खाडीत वसंत ऋतूत हेरिंग आणि युलाकॉन या छोट्या माशांचे थवे येतात, आणि त्यांच्यामागे समुद्रसिंह आणि गरुड. युलाकॉन इतका तेलकट असतो की त्याचे तेल काढून ते वर्षभर पुरवणे ही त्या किनाऱ्यावरच्या आदिवासींची पिढ्यान्पिढ्यांची रीत आहे. आपल्याकडे मोहाचे जे स्थान, ते तिथे या माशाचे.

आता गाळाकडे येतो. सोने दगडात गोळ्या होऊन बसलेले नसते. एक टन दगडात ते काही ग्रॅमच असते. म्हणून दगड पिठासारखा दळायचा, पाण्यात कालवायचा, त्यात रसायने घालून खालून हवा सोडायची. फेस वर येतो आणि सोने असलेले कण बुडबुड्यांना चिकटून तरंगतात. तो फेस काढून घ्यायचा. उरतो तो दगडाच्या पिठाचा पातळ चिखल, म्हणजे टेलिंग. वजनाने पाहिले तर खाणीतून मुख्यतः चिखलच निघतो. सोने त्यात चिमूटभर. माझ्या बोटातली लग्नाची अंगठी चार ग्रॅमची आहे. तिच्यामागे कुठेतरी निदान अर्धा-एक टन चिखल पडला असेल हे मी यापूर्वी कधी मनात आणले नव्हते.

केन्सिंग्टनच्या पहिल्या आराखड्यात हा गाळ सुकवून जमिनीवर रचायचा होता आणि १९९० च्या दशकात त्याला मंजुरीही मिळाली होती. मग सोन्याचा भाव औंसाला ३०० डॉलरच्या खाली गेला आणि कोअर अलास्का या कंपनीने स्वस्त मार्ग शोधला. खाणीजवळ डोंगरात लोअर स्लेट लेक नावाचे तळे आहे. २३ एकरांचे, सुमारे ५० फूट खोल. नळाने चिखल थेट या तळ्यात सोडायचा! खाणीच्या आयुष्यात ४५ लाख टन गाळ तळ्यात जाणार, तळ ५० फूट वर येणार, बांध घालून तळ्याचा विस्तार ६० एकरांपर्यंत नेणार. तळ्यातले सगळे मासे मरतील हे कंपनीलाही मान्य होते. खाण संपल्यावर गाळावर चांगल्या मातीचा थर घालून पुन्हा मासे सोडू, असे तिचे म्हणणे होते.

इथून वकिलांचे काम सुरू होते. मी कायद्याचा माणूस नाही. माझी पदविका ईश्वरविज्ञानाची, तेव्हा जमेल तसे सोप्या शब्दांत मांडतो.

अमेरिकेत १९७२ चा स्वच्छ जल कायदा आहे. त्यात परवान्याच्या दोन वेगळ्या वाटा आहेत. पाण्यात दूषित द्रव्य सोडायचे असेल तर कलम ४०२ खाली पर्यावरण संरक्षण संस्थेकडे जावे लागते. पाण्यात भराव घालायचा असेल, म्हणजे धक्का, बांध किंवा रस्ता करायचा असेल, तर कलम ४०४ खाली सैन्याच्या अभियंता दलाकडे. पर्यावरण संस्थेचा १९८२ पासूनचा नियम असा की, फेस काढण्याची पद्धत वापरणाऱ्या नव्या खाणीने आपले सांडपाणी नदीनाल्यात अजिबात सोडायचे नाही. थेंबभरही नाही. त्या वाटेने गेले असते तर तळ्याची योजना पहिल्याच दिवशी मोडीत निघाली असती.

पण २००२ साली भरावाची व्याख्या बदलली होती. जे पाण्यात टाकल्याने तळाची पातळी वर येते ते सगळे भराव, आणि त्यात खाणीचा गाळही धरलेला. ४५ लाख टन गाळाने तळ ५० फूट उचलला जाणार. म्हणजे झालाच की तो भराव! अभियंता दलाने २००५ साली परवाना दिला. पर्यावरण संस्थेचे स्वतःचे मत होते की गाळ जमिनीवर ठेवणे निसर्गाला अधिक बरे. परवाना रोखण्याचा अधिकारही तिच्या हाती होता. तो तिने वापरला नाही.

जुनोतील आणि आसपासच्या पर्यावरण संघटना कोर्टात गेल्या. २००६ साली खालच्या न्यायालयात कंपनी जिंकली. २००७ साली अपील न्यायालयाने परवाना रद्द केला. मधल्या काळात शहरात वाटाघाटी झाल्या, गाळ घट्ट करून जमिनीवर ठेवण्याचा पर्यायही चर्चेत आला. तोवर खटला सर्वोच्च न्यायालयाने ऐकायला घेतला आणि तो पर्याय मागे पडला. कोर्टात जिंकण्याची आशा असली की तडजोडीची खुर्ची रिकामी होते. आमच्याकडच्या जमिनीच्या भांडणांतही मी हेच पाहिले आहे.

२२ जून २००९ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला, कंपनीच्या बाजूने. न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी बहुमताचा निकाल लिहिला. त्याचा गाभा असा : पदार्थ भराव ठरला की परवाना देण्याचा अधिकार अभियंता दलाचा, आणि मग सांडपाण्याचा कडक नियम तिथे लागू होत नाही. तळ्यातून खाली ओढ्यात जाणाऱ्या पाण्यावर मात्र पर्यावरण संस्थेचा ताबा राहील. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी दोन सहकाऱ्यांसह विरोधी मत दिले. त्यांचा मुद्दा मला तरी सरळ वाटतो. दूषित पाण्यात पुरेसा घन गाळ मिसळला की ते पाणी दूषित न राहता भराव होत असेल, तर जितका जास्त कचरा तितकी जास्त मोकळीक, असा अर्थ होतो.

निकाल एकतर्फी नव्हता हेही सांगितले पाहिजे, नाहीतर मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली असे होईल. गाळ जमिनीवर रचला असता तर पाणथळ जमीन गाडली गेली असती. तो ढीग पेंटागॉन इमारतीच्या दुप्पट उंच आणि तिच्या तिप्पट जागेवर पसरला असता, अशी तुलना न्यायालयापुढे होती. म्हणजे इथे निवड चांगले आणि वाईट अशी नव्हती. काहीतरी मरणारच होते. प्रश्न इतकाच की काय मरायचे हे कोणी ठरवायचे, आणि कायदा कोणत्या शब्दाने ते ठरवू देतो.

२०१० च्या मध्यावर खाण सुरू झाली. तोवर सोन्याचा भाव हजार डॉलरच्या वर गेला होता. जो भाव पडला म्हणून सुका गाळ परवडत नव्हता, तो चौपट झाला तरी आराखडा तळ्याचाच राहिला. पुढे पाणी कायद्याच्या उल्लंघनांबद्दल कंपनीला २०१९ साली ५ लाख डॉलरहून अधिक दंड भरावा लागला. २०२२ साली गाळाचा बांध आणखी उंच करण्याला वनखात्याने मान्यता दिली. २०२४ च्या जानेवारीअखेर गाळाची नळवाहिनी फुटून सुमारे एक लाख गॅलन चिखल बाहेर पडला आणि त्यातला काही ओढ्यापर्यंत पोहोचला. दुसरीकडे, शेकडो माणसांना तिथे चांगल्या पगाराची कामे मिळाली आणि शहराच्या तिजोरीत कर जमा होतो. जुनोत विचाराल तर दोन्ही गोष्टी सांगणारी माणसे भेटतील, कधी एकाच घरात.

आता यात आदिवासी कुठे आहेत? हे वाचताना मी सगळ्यात जास्त वेळ इथे अडखळलो.

१८६७ साली रशियाने अलास्का अमेरिकेला ७२ लाख डॉलरला विकला तेव्हा त्लिंगिट लोकांना कोणी विचारले नव्हते. १९०७ साली त्यांचे जंगल सरकारी राखीव वन झाले. ते घेतल्याची भरपाई १९६८ साली मिळाली, सुमारे ७५ लाख डॉलर. मग १९७१ चा कायदा आला. त्याने अलास्कातल्या सर्व आदिवासींचे जमिनीवरचे मूळ हक्क आणि शिकारी-मासेमारीचे पारंपरिक हक्क कायमचे संपवले आणि बदल्यात सुमारे ४ कोटी ४० लाख एकर जमीन आणि ९६ कोटी डॉलर दिले. पण हे गावसभेला दिले नाही. आदिवासींच्या कंपन्या काढायला लावल्या आणि त्यांना भागधारक केले. जुनोच्या आदिवासींच्या अशा कंपनीचे नाव गोल्डबेल्ट. तिची जमीन बर्नर्स खाडीच्या वाटेवर आहे. खाणीच्या कामगारांसाठी तिथे धक्का बांधण्याची बोलणी झाली आणि ही कंपनी खाणीच्या बाजूने उभी राहिली. त्याच समाजात खाडीच्या पाण्याची काळजी करणारेही होते.

आपल्या पत्रकांत आणि उपदेशांत आपण 'आदिवासी म्हणजे निसर्गाचे राखणदार' असे सहज लिहून जातो. मीही लिहिले आहे. पण त्यांच्या पोरांनाही पगार हवा असतो. आमच्या वसतिगृहातून शिकून गेलेली चार मुले आज खाणीच्या ट्रकवर आहेत. त्यातला एकजण दर नाताळाला वसतिगृहासाठी मिठाई घेऊन येतो. त्याला मी काय सांगू? त्याची आई मात्र सुनावणीत विरोध नोंदवणार आहे.

जुनोच्या गोष्टीत मंडळीचाही एक धागा आहे, आणि तो झाकून ठेवणे बरे नाही. त्या भागात मिशनरी गेले, शाळा काढल्या, दवाखाने काढले आणि मुलांना मातृभाषा बोलायला बंदीही केली. तरीही जुनोत त्लिंगिट लोकांची एक जिवंत प्रेस्बिटेरियन मंडळी उभी राहिली. १९४० पासून तिचे पाळक होते वॉल्टर सोबोलेफ, स्वतः त्लिंगिट. आपल्या भाषेचा त्यांना अभिमान होता आणि सगळ्या वंशांची माणसे त्यांच्या उपासनेला येत. १९६३ साली चर्चच्या वरिष्ठांनी ती चालती मंडळी बंद केली. त्याच्या आदल्याच वर्षी, १९६२ च्या उन्हाळ्यात, डग्लस बेटावरची त्लिंगिट वस्ती बंदरासाठी जाळण्यात आली होती. साठ वर्षांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, प्रेस्बिटेरियन चर्चच्या प्रतिनिधींनी जुनोत येऊन जाहीर क्षमा मागितली आणि भरपाईचेही वचन दिले. सोबोलेफ २०११ साली १०२ वर्षांचे होऊन प्रभूकडे गेले. ती क्षमा ऐकायला ते नव्हते.

हे वाचले आणि मला आमच्या समितीची दोन वर्षांपूर्वीची बैठक आठवली. एका खाण कंपनीने मुलींच्या वसतिगृहाला पाणी शुद्धीकरणाचे यंत्र आणि एक रुग्णवाहिका देऊ केली होती. यंत्राची आम्हाला खरोखर गरज होती, कारण आमच्या विहिरीच्या पाण्याला उन्हाळ्यात वास येतो. चर्चा तीन तास चालली. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, पाणी कोणाच्याही हातचे असो, तहानलेल्याला ते पाणीच. दुसऱ्या भगिनींनी यहेज्केलाच्या ३४ व्या अध्यायाकडे बोट दाखवले. स्वतः स्वच्छ पाणी पिऊन उरलेले पायांनी गढूळ करणाऱ्या मेंढरांबद्दल तिथे जे म्हटले आहे ते कृपया घरी काढून वाचा. शेवटी ठराव झाला की परिसरातील कोणत्याही खाणीची मंजुरी विचाराधीन असेतोवर तिच्याकडून काही घ्यायचे नाही. यंत्र आले नाही. मुली अजून पाणी उकळून पितात आणि त्यासाठी सरपण लागते, तेही जंगलातूनच येते. आमचा निर्णय बरोबर होता असे मला आजही वाटते, पण त्याची किंमत मी भरली नाही, मुलींनी भरली.

आता आपल्या कायद्याविषयी थोडे. अलास्कात हक्क संपवून भागभांडवल दिले. आपल्याकडे वाट वेगळी आहे. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा ग्रामसभेला बोलण्याची जागा देतात. ओडिशातल्या नियमगिरीच्या प्रकरणी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी प्रश्न ग्रामसभांकडेच पाठवला, आणि रायगडा व कालाहांडी जिल्ह्यांतल्या बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. डोंगर त्यांच्या देवाचा होता. आपल्या गडचिरोलीत सुरजागडच्या डोंगरावरही ठाकुरदेव आहे आणि तिथे दर जानेवारीला यात्रा भरते. तिथले लोहखनिज मात्र ट्रक भरभरून खाली येते आहे. कायदा कागदावर एकच, पण तो कुठे पोहोचतो आणि कुठे वाटेत थांबतो, हे गावात बसल्याशिवाय कळत नाही.

जनसुनावणीचे नियम २००६ च्या अधिसूचनेत आहेत. किमान तीस दिवस आधी सूचना द्यावी लागते, आणि सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. स्थानिक भाषा म्हणजे मराठी असे धरले जाते. आमच्या आजीला मराठी येते, पण तिच्या घरात बोलतात ती माडिया. 'शास्त्रोक्त विल्हेवाट' हे माडियात कसे सांगायचे ते मला अजून कोणी सांगू शकलेले नाही.

सुनावणीसाठी गावाने लेखी प्रश्न तयार केले आहेत. पहिला प्रश्न आजीचाच आहे, तिच्या अंगठ्यासह : गाळ कुठल्या सर्व्हे नंबरात ठेवणार, तिथून पाणी कुठल्या नाल्यात उतरते, आणि कारखाना बंद झाल्यावर त्या बांधाकडे कोण बघणार? केन्सिंग्टनची कागदपत्रे वाचली नसती तर तिसरा भाग आम्हाला सुचला नसता. तिथे निदान तळ्याचे नाव, खोली, टन आणि फूट असे सगळे कोर्टापुढे आले. आमच्या सारांशात जागेचे नावच नाही.

मूळ इंग्रजी अहवालातले पाणी, गाळ आणि बांधाविषयीचे तीन विभाग सुनावणीपूर्वी मराठीत आणायचे आहेत, म्हणजे तिथून पुढे आमची दोन माडिया मुले ते गावात समजावून सांगतील. साधारण नव्वद पाने आहेत. तुमच्या मंडळीत निवृत्त अभियंते, रसायनशास्त्राचे शिक्षक किंवा वकील असतील, तर त्यांना आमच्या कार्यालयाशी संपर्क साधायला सांगावे. पाने आम्ही पोस्टाने पाठवू. राहायला येणार असाल तर वसतिगृहाच्या पाहुण्यांच्या खोलीत सोय आहे. पाणी उकळलेले मिळेल.